दिवा चालू असल्याची तक्रार

पद्मजाबाई पोहनेरकर अंधारात बसायला बाग करणार, ही बातमी गल्लीत सर्वांत आधी समोरच्या आवडाबाईंना कळली. आवडाबाईंना कळली म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनात घटकाभर थांबणाऱ्या गाडीच्या गार्डालाही कळली, असं धरून चालायला हरकत नव्हती.

"अंधारात?" आवडाबाईंनी फाटकावर दोन्ही कोपरं टेकून विचारलं. "बाग करा की, झ्याक करा. पर बघायची कवा?"

"अंधार पडल्यावर."

"मंग दिसंल का?"

"दिसायला नाही हो. वासाला. आणि पांढरी फुलं अंधारातही दिसतात थोडी थोडी."

रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरनं एकदम चष्मा काढावा, तसं आवडाबाईंनी पद्मजाबाईंकडे पाहिलं आणि "येती" म्हणून घरी निघून गेल्या.

खरं तर पद्मजाबाईंचं म्हणणं बिनतोड होतं. या शहरात होळी झाली की दिवसा बाग बघणार कोण? दुपारी अंगणात पाय ठेवावा तर चप्पल फरशीला चिकटते. बाग बाहेर उन्हात आणि बागेची मालकीण आत कूलरसमोर, असा तो संसार. त्यापेक्षा सूर्य मावळल्यावर ज्यांची मजा सुरू होते तीच झाडं लावावीत. रातराणी, मोगरा, चांदणी. मधे एक वेताची खुर्ची. दिवा नको. पद्मजाबाईंची सगळी नोकरी लोकांच्या जमिनींचे नकाशे काढण्यात गेलेली. त्यामुळं घरापुढच्या हातभर अंगणाचाही त्यांनी रीतसर नकाशा काढला, प्रमाण घातलं, उत्तर दिशा दाखवली आणि खुर्चीच्या जागी एक चौकोन काढून त्यात 'आसन' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांची आई अंथरुणाला खिळून होती, तोवर संध्याकाळ कशी यायची आणि कशी जायची हे कळत नसे. दिवा लाव, दूधभात भरव, गोळ्या दे, चादर बदल, आणि मग आई झोपेपर्यंत तिचा हात हातात धरून बस. दिवाळीनंतर आई गेली. दिवस कसाबसा सरायचा. भाजी होती, बँक होती, पेपर होता. पण दिवेलागण झाली की दोन खोल्यांचं ते घर एकदम मोठं व्हायचं. टीव्ही लावावा तर त्यात सगळेच एकमेकांवर ओरडत. पद्मजाबाई खुर्चीत बसत, उठत, धुतलेलंच पातेलं पुन्हा धूत. संध्याकाळी जाऊन बसायला घराबाहेर, पण फाटकाच्या आत, अशी एखादी जागा असावी, एवढाच काय तो या बागेमागचा विचार. पण हे असं कुणी बोलून दाखवतं का? त्यापेक्षा 'मला वनस्पतींची आवड आहे' हे म्हणायला सोपं होतं.

बागेत पहिलं विघ्न आलं ते मातीच्या रूपानं. आवडाबाईंचे यजमान काकासाहेब कन्नडच्या बाजूला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त होऊन शहरात आल्यापासून ते गल्लीचे अध्यक्ष होते. निवडणूक झाली नव्हती, मुळात तसं पदही नव्हतं. पण काकासाहेब अध्यक्ष होते.

"नर्सरीची माती घेतली का काय?" त्यांनी पिशवीत हात घालून चिमूट बोटांवर चोळली. "बाई, ह्याला माती म्हनू नका. चहाचा चोथा हाये हा. थांबा, देवगाव रंगारीहून आनतो. आमच्या वावराची. लोनी हाये लोनी."

"अहो, थोडीशीच लागेल."

"थोडीशीच आनतो."

थोडीशी माती टेम्पोनं आली. पद्मजाबाईंचा दुपारी जरा डोळा लागला होता तेवढ्यात ड्रायव्हरनं ती फाटकासमोर ओतली आणि तो निघून गेला. पद्मजाबाईंचं फाटक बाहेर उघडतं. म्हणजे उघडायचं, आता ते उघडेना. ज्या बाईनं जिल्हाभरच्या वहिवाटीच्या वाटा कागदावर आखून दिल्या, तिला स्वतःच्या घरातून बाहेर पडायला वाट उरली नाही. दूधवाल्यानं पिशवी ढिगावरून झेलायला लावली. भाजी आणायला त्यांना मागच्या बोळातून, शेजाऱ्यांच्या मोरीवरून पदर सावरत जावं लागलं. मोरीवर शेजारी दाढी करत होते. दोघांनीही एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवून टाकलं.

लग्नसराईमुळं मजूर मिळेनात. "उद्या लावतो मानसं," असं काकासाहेब रोज म्हणत आणि रोज मनापासून म्हणत. शेवटी पद्मजाबाईंनी स्वतःच घमेलं उचललं. ऊन उतरलं की त्या फाटकावरून वाकून माती ओढत आणि आत पसरत. बऱ्याच संध्याकाळी त्यात गेल्या. त्या संध्याकाळी घर मोठं झालं की नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. पाठ इतकी दुखत होती की झोप लगेच लागे.

मग पाणी. नळ आठवड्यातून एकदा येई, आणि त्या दिवशी गल्लीत सणासारखी धांदल असे. पद्मजाबाई परातीत बसून अंघोळ करू लागल्या, म्हणजे ते पाणी उचलून बागेला नेता येई. तांदळाचं धुवण बागेला, भाजीचं धुवण बागेला. एकदा तर आलेल्या पाहुण्यांना पाणी देताना "सगळं पिणार ना?" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"साबनाचं पानी घालू नका," आवडाबाईंनी बजावलं. "झाडाला खाज सुटती."

"झाडाला?"

"मंग! बोलता येत नाय म्हनून काय झालं?"

नर्सरीवाल्यानं 'एकदम सफेद' म्हणून दिलेल्या बोगनवेलीला महिन्याभरात भडक राणी रंगाची फुलं आली. पद्मजाबाई तावातावानं जाब विचारायला गेल्या. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपकी बाग रातकी है ना? अंधेरे में कौन देखता राणी है का सफेद है?" यावर पद्मजाबाईंना घरी परतल्यावर दोन उत्तरं सुचली, पण रिक्षा करून ती सांगायला परत जाणं बरं दिसलं नसतं.

मातीचं काय झालं ते तर सांगायलाच हवं. लोण्यासारखी माती आपल्या पोटातलं सगळं बी घेऊन आली होती. दोन पाणी मिळताच मोगऱ्याच्या आधी त्यातून तूर उगवली. पद्मजाबाई ती उपटायला वाकल्या तोच रस्त्यापलीकडून हाक आली, "बाई! हात लावू नका! तूर हाये ती!"

"काकासाहेब, ही रातराणीची जागा आहे."

"ऱ्हाऊ द्या तिला बी. जागा काय कमी हाये का?" काकासाहेबांनी आत येऊन एकेक रोप असं न्याहाळलं, जसं कुणी गावाकडच्या नातवाला न्याहाळावं. "आमच्याच वावराची हाये. बघा, वळखू येती."

म्हणून पद्मजाबाईंच्या शुभ्र, सुगंधी बागेत तूर राहिली. काकासाहेब तिची विचारपूस करायला रोज सकाळी येऊ लागले.

रातराणीवरून तर आवडाबाई आणि पद्मजाबाई यांच्यात खरीखुरी चकमक झाली. रातराणीला साप येतो, हे आवडाबाईंना लहानपणापासून माहीत होतं. पद्मजाबाई म्हणाल्या, "तसं काही नसतं हो. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"सापानं वाचलंय का पुस्तक?"

वाद तिथंच संपला. पण त्या दिवसापासून, अंधार पडून पद्मजाबाई वेताच्या खुर्चीत बसल्या रे बसल्या की समोरच्या खिडकीतून बॅटरीचा झोत यायचा. तो तुरीवरून फिरायचा, रातराणीच्या बुडाशी रेंगाळायचा, मग सरळ पद्मजाबाईंच्या तोंडावर यायचा. तिथं क्षणभर थांबून विझायचा. थोड्या वेळानं पुन्हा. तुरुंगातल्या कैद्यावरही इतका पहारा नसेल.

आणि एके दिवशी पुण्याहून भाच्याचा, अमेयचा फोन आला.

"आत्या, तू रोज अंधारात एकटी बसतेस म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"आवडाकाकूंनी फोन केला होता. आजी गेली तेव्हा मी नंबर दिला होता त्यांना. काळजीनं सांगत होत्या गं."

"अरे, बाग केलीय मी. संध्याकाळची."

"बघू, दाखव कॅमेऱ्यातून."

पद्मजाबाईंनी फोन चारी दिशांना फिरवला.

"आत्या, नुसतं काळं दिसतंय."

"हो ना. तीच बाग."

अमेय अगदी मऊ आवाजात बोलू लागला. लहान मुलाला इंजेक्शन द्यायच्या आधी काढतात तो आवाज. पुण्याला ज्येष्ठांसाठी एक छान संकुल झालंय. सकाळी योगा असतो. संध्याकाळी सगळे गोल बसून टाळ्यांचा व्यायाम करतात. कुणी एकटं राहत नाही.

"टाळ्या वाजवायला मी पुण्याला यायचं?"

"चिडू नकोस. सुट्टी मिळाली की येतो, तेव्हा बसून ठरवू. घराची कागदपत्रं तेवढी काढून ठेव."

पद्मजाबाईंनी फोन ठेवला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरांच्या हद्दी आखून दिल्या होत्या. आता उठून त्यांनी स्वतःच्या घराच्या कागदपत्रांचं कपाट नीट बंद आहे ना, ते पाहिलं.

एवढ्यात रातराणीला कळ्या धरल्या. पद्मजाबाई त्यांच्याकडं आशेनं बघू लागल्या आणि नेमकी त्याच आठवड्यात शिडीची गाडी येऊन फाटकासमोरच्या खांबावर नवा दिवा लावून गेली. संध्याकाळी तो लागला. उजेड कसला, ऑपरेशनचं टेबल! मोगऱ्याची पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी. राणी रंगाची बोगनवेल आपला रंग ओरडून सांगू लागली. पद्मजाबाई खुर्चीत बसल्या, तर येणारा-जाणारा जो तो "काय, बसलात का?" विचारू लागला. रातराणीनं कळ्या मिटूनच ठेवल्या. तिला अजून दिवस आहे असंच वाटत असावं.

दुसऱ्या दिवशी पद्मजाबाई दिव्यांच्या कचेरीत गेल्या. सरकारी टेबलाच्या पलीकडं जन्म काढलेल्या माणसाला अलीकडं उभं राहणं फार जड जातं. त्यांनी सवयीनं पेन काढून हातात धरलं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

"दिवा बंद पडलाय का?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"नाही. चालू आहे."

"लुकलुकतो?"

"नाही. व्यवस्थित चालू आहे."

"मग तक्रार काय आहे?"

"हीच. की तो चालू आहे."

कारकुनानं मान वर केली. मग शेजारच्या टेबलाकडं बघून "साहेब, जरा इकडं या," म्हणाला. साहेब आले. त्यांनीही तेच तीन प्रश्न विचारले, त्यांनाही तीच तीन उत्तरं मिळाली. साहेब नम्रपणे म्हणाले, "मावशी, दिवा लागत नाही म्हणून लोक आमच्या नावानं शिमगा करतात. लागतो म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच. तुम्ही असं करा, मोबाइलवरून तक्रार नोंदवा."

मोबाइलवर तक्रारीचे प्रकार दिले होते: दिवा बंद, दिवा लुकलुकतो, खांब वाकला. 'दिवा नको' हा प्रकार नव्हता. पद्मजाबाईंनी बराच विचार करून 'लुकलुकतो' निवडलं. निदान माणूस येईल, त्याच्याशी बोलता येईल. माणूस आला. त्या भाजी आणायला गेल्या असताना आला, आणि लुकलुकणारा दिवा काढून त्याच्या दुप्पट जोराचा लावून गेला.

त्या संध्याकाळी काकासाहेब खांबाखाली कमरेवर हात ठेवून, आपण बांधलेल्या देवळाच्या कळसाकडं बघावं तसे वर बघत उभे होते.

"कसा हाये?"

"चांगला आहे," पद्मजाबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच आनला. किती चकरा मारल्या त्या कचेरीत, इचारू नका. ही म्हनली, बाई आई गेल्यापून अंधारात बसायल्या, बरं न्हाय ते. म्हनलं, थांब, दिवाच आनतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर कुनीतरी तक्रार केली म्हनं दिव्याची. असं कोन असंल हो आपल्या गल्लीत?"

"असेल कुणीतरी," पद्मजाबाई म्हणाल्या आणि तुरीकडं बघू लागल्या.

अमेयनं फोनवर पाहिलं तेव्हा तो तर खूशच झाला. "वा आत्या! आता कसा चेहरा उजळलाय!" सगळ्यांची काळजी एकदम मिटली होती. बॅटरीचा झोतही बंद झाला. समोरच्या खिडकीतून एक नजर टाकली की पद्मजाबाई खुर्चीत दिसत, बघणाऱ्याचं समाधान होई, आणि खिडकीचा पडदा सरे. त्या उजेडात पद्मजाबाई इतक्या एकट्या पडल्या, जितक्या अंधारात कधी पडल्या नव्हत्या.

म्हणूनच एका संध्याकाळी त्या आईची जुनी काळी घोंगडी घेऊन स्टुलावरून कंपाउंडच्या भिंतीवर चढल्या. बेत साधा होता. भिंतीला एक बांबू बांधायचा, त्यावर घोंगडी टाकायची, म्हणजे निदान खुर्चीपुरती सावली पडेल. त्या भिंतीवर उभ्या राहिल्या आणि मागं स्टूल कलंडलं. आणि ज्या दिव्याला झाकायला त्या चढल्या होत्या, त्याच दिव्यानं त्यांना नाटकातल्या पात्रासारखं साऱ्या गल्लीला दाखवून दिलं.

"बाई!" काकासाहेब धावत आले. "वर काय करायलात?"

"घोंगडी वाळत घालतेय."

"आत्ता?"

"दिवसा... ऊन फार असतं."

काकासाहेबांनी दिव्याकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं, बांबूकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. वजनकाट्यावर आयुष्य गेलेला माणूस. कुठल्या बाजूला किती भार आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही. "शिडी आनतो," एवढंच म्हणून ते गेले.

खाली एकट्या आवडाबाई राहिल्या. त्यांनी एका हातानं पद्मजाबाईंचा पाय धरून ठेवला, म्हणजे पडल्या तरी पाय तरी हातात राहील. "तक्रार तुमीच केली व्हय?"

"हो."

"काय करता वो अंधारात बसून?"

भिंतीवर उभ्या असलेल्या माणसाला खोटं बोलायला फारसा वाव नसतो. "काही नाही करत," पद्मजाबाई म्हणाल्या. "आई होती तोवर संध्याकाळी काम असायचं. आता संध्याकाळ जात नाही. घरात बसलं की घर अंगावर येतं. अंधारात घर दिसत नाही, एवढंच."

"मंग सांगायचं की."

"काय सांगायचं? संध्याकाळ जात नाही, असं?"

"व्हय. तसंच." आवडाबाईंनी पाय जरा घट्ट धरला. "माझी तरी कुठं जाती? पोरगा वाळूजला, सून वाळूजला, हे गल्लीभर. म्हनून म्या सिरीयल लावती. त्यातलं निम्मं कळत बी नाय मला."

शिडी आली. पद्मजाबाई उतरल्या. काकासाहेब शिडी उचलून घरी गेले, आणि पुढचे कितीतरी दिवस तुरीची चौकशी करायलाही आले नाहीत. तूर शेंगांनी वाकली, तरी नाही. पद्मजाबाईंनी वाटीभर हिरव्या शेंगा सोलून समोर नेऊन दिल्या. काकासाहेबांनी वाटी घेतली, पण पेपरच्या आडूनच.

मग एक दिवस सकाळी ते फाटकात येऊन उभे राहिले. हातात तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा होता. "चला."

"कुठं?"

"कचेरीत. दिवा काढत न्हाईत ते, काढू बी नये, पोरी येतात रस्त्यानं. पर एका अंगाला आडोसा लावून देतील. न लावून सांगतात कुनाला!"

कचेरीत तो कारकून त्यांना बघून उभाच राहिला. दिवा मागायला महिनोन् महिने येणारे गृहस्थ आणि दिवा नको म्हणणाऱ्या बाई, दोघं एकाच वेळी एकाच टेबलासमोर उभे होते, मधे तेलाचा पत्रा. आडोशाची तरतूद नाही, असं साहेब म्हणाले. काकासाहेबांनी साखर कारखान्यात तरतूद नसलेल्या कोणकोणत्या गोष्टी झाल्या त्या सांगायला सुरुवात केली. जेवायची सुट्टी जवळ आली तेव्हा साहेबांनी हात जोडले आणि माणूस पाठवला.

त्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा रस्ता लख्ख होता आणि पत्र्यामागं पद्मजाबाईंचं अंगण काळंभोर. "घ्या तुमचा अंधार," काकासाहेब म्हणाले आणि तुरीला एकदा हात लावून घरी गेले. आवडाबाई थोडा वेळ स्टुलावर टेकल्या. "लई वास हाये वो, डोकं धरंल माझं," म्हणून त्याही गेल्या.

रातराणी उमलली होती. सगळं नकाशाप्रमाणं जमून आलं होतं. पद्मजाबाई खुर्चीत बसल्या. अशी संध्याकाळ आली की काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं होतं. काय, ते सांगता आलं नसतं. काही झालं नाही. पाठीमागं घर होतं आणि घरात कुणी नव्हतं. डास चावत होते. आत जावं का, असा विचार त्या करू लागल्या, तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली.

"बाई!"

"काय हो?"

"हायेत नव्हं?"

"आहे."

"काय नाय. दिसंना, म्हनून इचारलं."

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. उजेड होता तेव्हा आवडाबाईंचं काम नुसतं बघून भागत होतं. आता विचारावं लागत होतं. अमेयचा फोन आला तेव्हा तो काळजीनं म्हणाला, "आत्या, परत काळंच दिसतंय. एकटी आहेस?" आणि नेमकी त्याच वेळी हाक आली. "हे कोण गं?" त्यानं विचारलं. "कोणी नाही रे, आवडाबाई," असं म्हणून पद्मजाबाईंनी फोन बाजूला धरून "आहे हो!" म्हणून ओ दिली. संकुलाचा विषय अमेयनं त्या दिवशी काढला नाही. घराची कागदपत्रं कपाटात होती तिथंच राहिली.

मग एक संध्याकाळ अशी आली की हाक आलीच नाही. पद्मजाबाईंनी वाट पाहिली. कदाचित सिरीयलमध्ये आज काही मोठं घडत असेल. कदाचित पाहुणे असतील. त्यांनी पाय वर घेतले, खाली सोडले. रातराणीचा वास आला तसा गेला. शेवटी त्या उठल्या, चाचपडत फाटकापर्यंत गेल्या, आणि आयुष्यात कधी कुणाला मोठ्यानं हाक न मारलेल्या पद्मजाबाईंनी घसा खाकरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"आवडाबाई! आहात ना?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला.

"हाये की वो! जाती कुठं?"